देविदास पेंटरचे पत्ते

देवळीत बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना लागतो. पाटीवर डॉक्टरांचं नाव आहे, वेळ आहे, 'रविवारी बंद' आहे, आणि या सगळ्याच्या खाली एक माणूस पालथा पडलेला आहे. त्याच्या पाठीत दहा तलवारी खुपसलेल्या आहेत. मानेपासून कमरेपर्यंत, ओळीनं.

पाटी लागली त्या दिवशी डॉक्टर रस्त्याच्या मधोमध उभे राहून तिच्याकडे पाहत होते. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"देविदासभाऊ, हे काय आहे?"

"पाठदुखी," शिडीवरून उत्तर आलं.

"अहो, पण तलवारी?"

"दहाच आहेत. कमी वाटून राह्यल्या काय?"

डॉक्टर पाटी उतरवायला लावणारच होते. तेवढ्यात ऑटोतून एक बुढी उतरली. कमरेवर हात ठेवून तिनं वर पाहिलं आणि रस्त्यातच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माय वं! अश्शेच! अश्शेच होते मले. मले फक्त अकरावी बी आहे, इथंसा, खुब्यात."

पाटी राहिली. आता पेशंट आत जाऊन "तिसरी तलवार", "सातवी अन् आठवीच्या मधात" अशी दुखणी सांगतात, आणि डॉक्टर मान खाली घालून तसंच लिहून घेतात.

ही पाटी रंगवणारे देविदास पेंटर माझे शेजारी. वय पासष्टच्या आसपास. उंच, काटकुळे, आणि अंगातल्या शर्टावर इतके रंग, की त्याचा मूळ रंग कोणता यावर त्यांच्या घरातच दोन मतं आहेत. सारी हयात पाट्या रंगवण्यात गेली. किराणा, खतं, बी-बियाणं, ट्रॉलीच्या मागचा मोर, शाळेतले सुविचार. निवडणूक आली की सकाळी एका पक्षाचं चिन्ह आणि दुपारी दुसऱ्याचं, भिंत मात्र तीच. मग फ्लेक्स आले. "लोकायच्या डोळ्याले प्लास्टिक लागलं," असं ते म्हणतात. काम आटलं. अशातच एकदा ते वर्ध्याच्या भंगारवाल्याकडे रिकामे डबे आणायला गेले आणि डब्यांसोबत पत्त्यांची एक पेटी घेऊन आले.

तीच पेटी घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. मी शाळेत शिकवते, म्हणून गल्लीतलं इंग्रजी माझ्याकडे येतं. औषधाच्या बाटलीपासून मोबाइलच्या मेसेजपर्यंत.

"मॅडम, तुमी शिकेल आहा. हा कोनता डाव होय? यात बदाम नाई, इस्पिक नाई. एक जन तं उलटा टांगून आहे."

मी नाव वाचलं, फोनवर शोधलं. "भाऊ, हे टॅरोचे पत्ते आहेत. परदेशात यावरून भविष्य सांगतात."

"टॅरो? पेटीवर तं शेवटी 'ट' आहे."

"तो म्हणायचा नसतो."

"मंग लिवला कायले?" भाऊ खरोखर दुखावले. "मी किराण्याच्या पाटीवर एक अक्षर जास्तीचं लिवलं अन् शेटजीले म्हटलं, हे वाचाचं नाई, तं तो मले शिडीवरून उतरू देईन काय?"

तेव्हापासून ते त्याला ठणठणीत 'टारोट' म्हणतात. प्रत्येक अक्षराला न्याय देऊन.

अर्थ सांगणारं पुस्तक पेटीत नव्हतं. मी म्हटलं, एकेका पत्त्याचा अर्थ फोनवर पाहून सांगते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "नोको, नोको. अर्थ मंग. पहिले पाह्याचं." हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणी काही समजावून सांगायला लागलं, की ते हेच म्हणतात. एकदा वीजबिल समजावून सांगणाऱ्या लाइनमनलाही म्हणाले होते.

मग त्यांचं पाहणं सुरू झालं. रोज सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसायचं, डोळे मिटून गड्डीतून एक पत्ता काढायचा, चहा होईपर्यंत त्याच्याकडे पाहायचं, आणि त्या दिवशी जे काही करायचं ते त्या पत्त्याला धरून.

एक दिवस तीन तलवारी आरपार गेलेलं लालभडक काळीज निघालं. फोनवर मी नंतर पाहिलं, तर त्याचा अर्थ दुःख, विरह असला काहीतरी होता. देविदासभाऊंनी अर्धा तास पाहिलं आणि जाहीर केलं, "हे वांगं होय." घरात गेले, भरताचं एक मोठं वांगं उचललं, त्यात लोखंडाच्या तीन सळया तिरप्या खुपसल्या आणि तुराट्यांच्या जाळावर धरलं. त्यांच्या पत्नी इंदूवहिनी कमरेला पदर खोचून समोर उभ्या. "चाळीस वर्षं भरीत करून राह्यली मी. मले कधी सळया नाई लागल्या. आता हे भंगार मले सयपाक शिकवंन?" पण सळया तापल्या आणि वांगं आतून असं काही शिजलं, की त्या दिवशी वाटीभर भरीत माझ्याकडेही आलं. देताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्यायले सांगू नोका चांगलं झालं म्हून."

सगळेच पत्ते असे पावले नाहीत. चंद्राचा पत्ता निघाला, त्यात पाण्यातून एक खेकड्यासारखा प्राणी वर येतो. भाऊ खेकडा नीट पाहायला म्हणून यशोदा नदीवर गेले आणि उजव्या हाताचं बोट सुजवून परत आले. तीन दिवस ब्रश धरता आला नाही. उलट्या टांगलेल्या माणसाचा पत्ता निघाला त्या दिवशी अंगणात उताणे झोपून, पाय भिंतीवर टेकवून त्यांनी तासभर जगाकडे पाहिलं. उठले ते थेट पंक्चरवाल्याकडे. त्याच्या भिंतीवर दुकानाचं नाव उलटं रंगवून ठेवलं. तो बिचारा जेवायला घरी गेला होता. परत आला तर हे.

"भाऊ, हे काय केलं?"

"तू दिवसभर गाडीखाली उताना असतो. तुह्या दुकानाची पाटी तुलेच वाचता नाई आली तं काय फायदा?"

पाटी भिंतीवरच होती, फिरवून लावायची सोय नव्हती. अजून तशीच आहे. ते दुकान गावात 'उलटे पंक्चरवाले' म्हणून ओळखलं जातं.

पत्त्यांची बातमी पसरली तसे लोक भविष्य विचारायला येऊ लागले. मुलीचं लग्न, बोअरला पाणी, बदली. भाऊ प्रत्येकाला सांगायचे, "मी पुढचं नाई सांगत. मले मांगचंच नीट आठवत नाई." तरी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचे नाहीत. पत्ता काढायचे आणि त्यातलं काहीतरी त्याच्या वस्तूवर रंगवून द्यायचे. आमच्या गल्लीतली एक सून सासूला कंटाळून आली होती. तिच्या पिठाच्या डब्यावर त्यांनी सिंहाचा जबडा हातानं मिटवणारी बाई काढून दिली. चार दिवसांनी सासू तोच डबा घेऊन आली. म्हणाली, "यातली बाई मी होय का ते?" भाऊ म्हणाले, "पहिले पाह्याचं." सासूनं बराच वेळ पाहिलं आणि खूश होऊन गेली. सूनही खूश होती. सिंह कोण, हे दोघींपैकी कोणीही विचारलं नाही.

आता मी जे सांगणार आहे, त्याला माझाही हात लागलेला आहे.

माझी शाळा आंजीच्या बाजूला. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून पुढे, अशा दोन बस करून मी जाते. शाळेची तपासणी ठरली होती आणि आवाराच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवून घ्यायची होती. अ अननस, आ आई. हेडसरांनी विचारलं, "कोणी पेंटर आहे का ओळखीचा?" मी म्हटलं, आहे. आजही कधीकधी बसमध्ये मला तो क्षण आठवतो आणि मी खिडकीबाहेर पाहते.

पहिले दोन दिवस ठीक गेले. 'आ'मध्ये आई काढली, सिंहासनावर बसलेली, डोक्यावर ताऱ्यांचा मुकुट, मागे सोयाबीन. चेहरा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा होता. ताईंनी त्या दिवशी भाऊंच्या खिचडीवर तेलाची धार जास्त सोडली. तिसऱ्या दिवशी हेडसर मला घाईघाईनं, जवळजवळ हाताला धरूनच भिंतीशी घेऊन गेले.

'इ' इमारत. इमारतीवर वीज कोसळली होती, वरचा मजला उडाला होता आणि दोन माणसं डोकं खाली, पाय वर अशी पडत होती.

"देविदासभाऊ," हेडसर म्हणाले, "इमारत पडताना कशाला दाखवली?"

"उभी इमारत पोट्टे रोज पाह्यतेत. पडनारी ध्यानात राह्यते."

"पण ही माणसं?"

"इमारतीत मानसं नसतीन तं ते इमारत कायची? गोदाम होते मंग."

पुढे 'ट'ला टरबूज यायला हवं होतं, तिथे बाभळीला एका पायानं टांगलेला माणूस आला. 'ट टांगलेला.' तो मस्त हसत होता. मुलांना तो इतका आवडला, की मधल्या सुट्टीत चौथीचा अख्खा वर्ग झाडाला उलटा लटकलेला सापडला. 'च'ला चंद्र आला, दोन कुत्रे त्याच्याकडे पाहून रडताहेत. आणि 'स'ला आला सैतान.

शिंगं, वटवाघळाचे पंख, शेपूट. एवढ्यावर भागलं असतं. पण भाऊंना चेहरे मनातून काढता येत नाहीत, पाहिलेलेच काढावे लागतात. आणि त्या आठवड्यात त्यांनी रोज समोरून, जवळून, रागावलेला असा एकच चेहरा पाहिला होता. सैतानाला हेडसरांच्या मिशा होत्या. नुसत्या मिशा नाहीत, मिशांच्या बाजूचा तीळही होता.

पालकसभा बोलवावी लागली. हेडसर म्हणाले, हा पुसा. एक पालक म्हणाले, पुसू नका, पोरगं पहिल्यांदाच घरी येऊन अक्षर काढून दाखवतंय. दुसरे म्हणाले, "सैतान ठिवा, पन शेपूट काढा, शेपूट चांगली नाई दिसत." शेपटीवर मतदान झालं. शेवटी खिचडीवाल्या ताईंनी मार्ग काढला. "सरायनं सांगतलं होतं 'स ससा'. तं त्याच्या हातात एक ससा द्या ना."

भाऊंनी ससा दिला. पांढरा, गुबगुबीत, चांगला सैतानाच्या छातीशी धरलेला. अक्षराखाली लिहिलं, 'ससा'. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं. पहिलीची मुलं आता ते अक्षर असं वाचतात: "स, ससा धरलेले हेडसर."

शुक्रवारपर्यंत भिंत पूर्ण झाली होती. फक्त एक चौकोन रिकामा होता. 'ळ'. मराठीत 'ळ'पासून शब्द सुरू होत नाही, म्हणून सगळ्या तक्त्यांवर 'ळ बाळ' असतं. क्ष आणि ज्ञ झाले होते, हा मधला तेवढा पांढरा. खरं तर आठ दिवस तो पांढराच होता. बाकीची अक्षरं रंगत गेली तसा तो जास्त दिसायला लागला, एवढंच.

"भाऊ, एक बाळ काढा आणि मोकळे व्हा," हेडसर काकुळतीला आले. "सोमवारी साहेब येणार."

"पत्ता नाई आला."

"पत्त्यात बाळ आहे का?"

"आहे एक."

"मग शोधून काढा ना तो! तुमचीच गड्डी आहे!"

"शोधून नाई काढत मी," भाऊ शांतपणे म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

हेडसर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचे शेजारी आहेत. काहीतरी करा."

शनिवारी संध्याकाळी मी इंदूवहिनींकडे गेले. भाऊ चौकात चहाला गेलेले. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही चार शेंगा उचलल्या आणि माझी युक्ती सांगितली. "वहिनी, तो बाळाचा पत्ता तेवढा गड्डीत सगळ्यात वर ठेवून द्या. सकाळी भाऊ डोळे मिटून हात घालतील, तोच येईल. त्यांचाही नियम राहील, आमचीही तपासणी होईल."

वहिनींचे हात चालत राहिले. मग म्हणाल्या, "तो पत्ता गड्डीत नाई."

"म्हणजे?"

"पेटी घरी आली त्याच दिवशी काढला म्या."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हातात रुमाल होता आणि रुमालात पत्ता. वर मोठा पिवळा सूर्य. खाली भिंत, भिंतीवरून डोकावणारी सूर्यफुलं, आणि पुढे घोड्यावर बसलेलं एक उघडं बाळ. दोन्ही हात पसरून हसणारं.

"रोहण्याले माही लहान बहीण राह्यते," वहिनी म्हणाल्या. "बाळंतपनानंतर तिची तब्येत भल्ली बिघडली. नागपूरले दवाखान्यात होती, मंग घरी होती, पन उठनंच नाई होत होतं. पोरगा दोन महिन्याचा होता तवा आमी आनला. दीड वर्षाचा होवोस्तोर इथंच होता. मले माय म्हने." एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "मंग ते चांगली झाली. घेऊन गेले. नेनारच ना. त्यायचाच होता."

वहिनींना मूलबाळ नाही, एवढं मला ठाऊक होतं. या दीड वर्षाबद्दल इतक्या वर्षांच्या शेजारात मी काही ऐकलं नव्हतं.

"आता कुठे असतो?"

"पुन्याले, कंपनीत. लग्नाकार्यात भेटते. मावशी, तब्येत कशी आहे, म्हनते. पाया पडते. चांगला आहे पोरगा."

"फोटो आहे त्याचा? लहानपणचा?"

"एक बी नाई. तवा फोटोले वर्ध्याले जा लागे. पुढच्या हप्त्यात जाऊ, दिवाळीले जाऊ, असं करता करता ऱ्हायलं." पत्ता त्यांनी रुमालात पुन्हा ठेवला. "अन् हे पेटी घेऊन आले. वरतीच हा होता, हात पसरून. म्या घेतला."

"भाऊंना माहीत आहे?"

"कायचं माहीत? त्यायनं का पत्ते मोजले?"

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "उद्या तुमी शाळेत जानार आहा काय? मी येतो."

रविवारी शाळा बंद. किल्ली माझ्याकडे होती, पण भाऊ पहिल्या बसनं आधीच येऊन, कुंपणाच्या फटीतून आत शिरून भिंतीसमोर बसले होते. पालथ्या डब्यावर, रिकाम्या चौकोनाकडे तोंड करून. बाजूला त्या दिवशीचा पत्ता, दगडाखाली दाबलेला. त्यात नऊ पेले होते.

वहिनी चालत त्यांच्याजवळ गेल्या. देवळीबाहेर त्या दोघांना एकत्र मी पहिल्यांदाच पाहत होते. वहिनींनी रुमाल उघडून पत्ता पुढे धरला.

भाऊंनी पत्त्याकडे पाहिलं. बायकोकडे नाही. "तुह्यापाशी आहे, मले माहीत होतं."

"कसं काय?"

"पहिल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर होते. दुसऱ्या दिवशी सत्त्याहत्तर."

"मंग मांगतला काऊन नाई?"

"तुले लागत होता," भाऊ म्हणाले आणि पिवळ्या रंगाचा डबा उघडायला लागले. झाकण घट्ट बसलं होतं, त्यात बराच वेळ गेला.

म्हणजे आठ दिवस हा माणूस रोज सकाळी डोळे मिटून, गड्डीत नसलेला पत्ता निघण्याची वाट पाहत होता, आणि संध्याकाळी आमच्या हेडसरांचं बोलणं ऐकून घेत होता.

सोमवारी साहेब आले. गाडीतून उतरले, हात धुण्याचे नळ पाहिले, शौचालय पाहिलं, रजिस्टरवर सही केली, खिचडी चाखली आणि गेले. भिंतीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हेडसर दोन दिवस मिशा काढून टाकाव्यात की नाही या विचारात होते, ते बिचारे सुटले. पण ते सोमवारचं. रविवारचं अजून संपलेलं नाही.

भाऊंनी सूर्य काढला, सूर्यफुलं काढली. घोडा काढायला खडू उचलला, तसं मागून आलं, "घोडा कायले? तो घोड्यावर कोठी बसला होता? तुमच्या खांद्यावर बसे."

"मले माहे खांदे कसे दिसतीन?"

"मले दिसतेत ना. मी सांगतो. रुंद घ्या. तवा तुमी चांगले जाडे होते."

"मी कवा जाडा होतो?"

"होते."

भाऊंनी खांदे रुंद केले. वहिनींनी मान लहान करायला लावली. कॉलर फाटकी काढायला लावली. ऊन चढलं तशी त्यांनी पिशवीतून छत्री काढली आणि मागे उभं राहून ती भाऊंच्या डोक्यावर धरली. स्वतः उन्हातच. मी डबे देत होते, ब्रश धूत होते, पण मी तिथे आहे हे दोघंही विसरले असावेत.

चेहरा आला. गाल आले, दात आले, खालचे दोनच. ते किती, यावर वाद झाला नाही. मग भाऊंनी डोक्याची गोल रेघ ओढली आणि ती तशीच रंगवायला घेतली.

"केस?" वहिनी म्हणाल्या.

"नव्हते केस. टकला होता."

"टकला नव्हता. चांगले दाट होते. जावळ कोठी काढलं होतं आपल्या घरी? जावळ त्यायनं रोहण्याले नेल्यावर काढलं."

भाऊंचा ब्रश थांबला. "मंग मले काऊन टकला आठवून राह्यला?"

वहिनींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तुमी गेलते ना पाह्याले. त्याले नेल्यावर. मले न सांगता."

भाऊ भिंतीकडेच पाहत होते. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. तुमच्या सदऱ्याच्या खिशात त्याचं नवं टोपडं राह्यलं होतं, तिकडचं. म्या धुवाले काढला तवा."

"एकदाच गेलतो," भाऊ म्हणाले. "त्याले झोप आलती. वळखलं नाई त्यानं."

"वळखलं असंन," वहिनी म्हणाल्या. "झोपेत नाई समजत लेकराले."

दूर रस्त्यावरून एक बस गेली. भाऊंनी काळा डबा मागितला, मी दिला. त्यांनी केस काढायला घेतले. दाट, कुरळे, कानावर येणारे. वहिनी सांगत गेल्या, ते काढत गेले. आता दोघांत एकदाही वाद झाला नाही. एका ठिकाणी वहिनी छत्री मिटवून पुढे आल्या आणि ओल्या रंगाला लागणार नाही इतक्या अंतरावर बोट धरलं.

"इथली बट डोयावर घ्या. ते तशीच येत होती. मंग तो फुकून उडवे."

भाऊंनी बट डोळ्यावर घेतली. ब्रश खाली ठेवला, दोन पावलं मागे आले आणि वहिनींच्या शेजारी उभे राहिले. मग दोघंही भिंतीकडे पाहत थांबले, ती बट उडते का म्हणून.